ठाण्यातल्या ट्रॅव्हल एजंट ताई आणि आमची बँकॉक-चिआंग माई ट्रिप : सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, ऑफिसचं नाव लिहीत नाहीये. मी ताईंना विचारलं होतं रिव्ह्यू टाकू का, तर म्हणाल्या टाक की, पण नाव-पत्ता नको, माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरी काही माहीत नसतं, उद्या जिन्यात कोणी ओळखीचं भेटलं तर नुसतं या ऑफिसात आली होती एवढ्यावरून घरी चौकशी सुरू होईल. मला पटलं ते. ठाणं कितीही वाढलं, घोडबंदरला टॉवरवर टॉवर झाले तरी नौपाडा-पाचपाखाडीत अजून प्रत्येकाची मावशी प्रत्येकाच्या मावशीला ओळखते. तर एवढंच सांगते की नौपाड्यात आहे, जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर, स्टेशनवरून चालत या, गोखले रोडला गाडी लावायच्या भानगडीत पडू नका.

आम्ही दोघी जोडपं आहोत, बरीच वर्षं एकत्र राहतोय, सोसायटीत रूममेट म्हणून ओळख आहे, माझ्या आईला माहितीये, माझ्या पार्टनरच्या घरी नाही. फिरायची दोघींनाही प्रचंड आवड, पण दर वेळी बुकिंग करायला बसलं की मजा कमी आणि टेन्शनच जास्त व्हायचं. तुमच्यापैकी जे गे, लेस्बियन, ट्रान्स आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाकीच्यांना हॉटेल निवडताना स्विमिंग पूल आणि ब्रेकफास्ट बघायचा असतो, आपल्याला काउंटरवरचा माणूस कसा बघेल हे आधी बघावं लागतं.

मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप टूर आम्ही सोडून दिल्यात. त्या चांगल्या असतात, आई-बाबांना मीच पाठवते, जेवणाची सोय असते, सगळं वेळेवर असतं. पण बसमध्ये पहिल्या तासाभरात ओळखपरेड होते आणि मिस्टर काय करतात हा प्रश्न येतोच, लेडीज स्पेशल असली तरी येतो, तिथे तर जास्तच येतो. आणि दुसरं म्हणजे फोटो. टूरचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, कोणीतरी सारखं फोटो टाकत असतं, ते स्टेटसला जातात, फेसबुकला जातात, आणि मग माझ्या पार्टनरच्या आत्याला कळतं की ही केरळात कोणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. आमच्या बाबतीत हे होता होता राहिलंय. म्हणून ताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, तुमचे फोटो मी कुठे टाकू की नको टाकू, तेव्हा मला खरंच बरं वाटलं, कारण हा प्रश्न याआधी कोणी विचारलाच नव्हता.

ती पहिली भेट मला नीट सांगायची आहे कारण माझ्या मते त्यांचं खरं काम तिथेच झालं. ताई पन्नाशीच्या, कॉटनची साडी, टेबलावर पंचांगाचं कॅलेंडर. मी मनात म्हटलं संपलं. ज्या मित्राने पाठवलं होतं तो गे आहे आणि त्याने सांगितलं होतं की बिनधास्त बोल, तरी मी दोन मिनिटं मैत्रीण मैत्रीण करत होते. त्यांनी चहा सांगितला आणि सरळ विचारलं, अगं बेड एक की दोन? हॉटेलला जोडपं म्हणून कळवू की नुसती नावं देऊ? घरी कोणाला माहितीये का, म्हणजे मेसेज कुठल्या नंबरवर पाठवायचे ते कळेल. व्हेज-नॉनव्हेज विचारावं त्याच आवाजात. माझ्या पार्टनरचे डोळे भरून आले, ती खिडकीकडे बघत बसली, ताईंनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

एक बेड की दोन हा प्रश्न साधा नाही. मागे एकदा एका थंड हवेच्या ठिकाणी आम्ही ऑनलाइन डबल बेडची रूम घेतली होती, काउंटरवरच्या माणसाने आम्हाला बघितलं, रजिस्टर बघितलं, मग आतल्याला हाक मारून मोठ्याने सांगितलं की मॅडम दोघी आहेत, दोन सिंगलची रूम दे, काय पाहिजे यांना डबल. लॉबीत दोन कुटुंबं बसली होती. आम्ही गप्प राहून दोन सिंगलची रूम घेतली. कायदा आमच्या बाजूने होता, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपल्याला बाहेर काढलं होतं, दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहण्यावर या देशात बंदी नाही, हे सगळं मला पाठ होतं, पण रात्री साडेनऊला, बॅग हातात, पोटात भूक असताना काउंटरवर कायदा सांगायची ताकद नसते. तेव्हापासून मला कळलंय की आधी कोणीतरी फोन करून ठेवायला हवा, आणि तो फोन आपण करायला गेलो की आवाज थरथरतो. ताई तो फोन करतात. मी पैसे देते ते खरं तर त्या फोनचे.

त्यांची एक वही आहे, जाड, रजिस्टरसारखी. डावीकडे देश किंवा गाव, मग तिथला कायदा, आणि उजवीकडे हॉटेलवाला फोनवर काय बोलला आणि कोणत्या तारखेला. तारीख का, तर मॅनेजर बदलतात आणि कायदेही बदलतात. बुकिंग डॉट कॉमवर ट्रॅव्हल प्राउड म्हणून जो बॅज असतो, २०२१ पासून, म्हणजे त्या हॉटेलने एलजीबीटी पाहुण्यांशी कसं वागायचं याचं ट्रेनिंग घेतलंय, तो ताई बघतात पण तेवढ्यावर थांबत नाहीत. ट्रेनिंग घेतलेला माणूस दिवसपाळीला असतो आणि आपलं विमान पोचतं पहाटे तीनला. ललित ग्रुपच्या हॉटेलांचं नाव त्यांनी आपणहून काढलं, त्या ग्रुपच्या केशव सूरींनी २०१८ मध्ये स्वतः ३७७ च्या विरोधात कोर्टात याचिका केली होती आणि ते उघडपणे आपल्या बाजूने उभे असतात, पण आमचं बजेट ऐकून म्हणाल्या ते अॅनिव्हर्सरीला ठेवा.

आमच्या डोक्यात आधी बाली होतं. इन्स्टावर सगळे बालीलाच जातात. ताईंनी समजावलं की इंडोनेशियाचा नवा फौजदारी कायदा २०२२ च्या डिसेंबरमध्ये पास झाला आणि २०२६ च्या जानेवारीपासून लागू आहे, त्यात लग्नाबाहेरचे संबंध हा गुन्हा आहे, पण तक्रार नवरा-बायको, आईवडील किंवा मुलांनीच करायची असते, म्हणजे परक्या टुरिस्टला कोणी पकडायला येईल अशी शक्यता फार कमी. दोन्ही बाजू सांगितल्या, घाबरवलं नाही, आणि ठरवा म्हणाल्या तुम्ही. माझी पार्टनर म्हणाली की कमी असली तरी मला सुट्टीत शक्यता मोजत बसायचं नाहीये. मग बाली गेलं. मालदीव आणि दुबईबद्दल त्या एकदम स्पष्ट होत्या, समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा, जातात लोक, दोघी मैत्रिणी म्हणून राहिलात तर काही होत नाही बहुतेक वेळा, पण पैसे देऊन लपायला कशाला जायचं. श्रीलंकाही तसंच, तिथे ३६५ आणि ३६५अ ही इंग्रजांच्या वेळची कलमं अजून पुस्तकात आहेत आणि बायकाही त्यात येतात, हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं की असले कायदे फक्त पुरुषांसाठी असतात. सिंगापूरने २०२२ च्या शेवटी त्यांचं ३७७अ काढून टाकलं, पण त्याच वेळी लग्नाची जुनी व्याख्या बदलू नये याचीही सोय करून ठेवली, म्हणजे सुरक्षित आहे, पण जोडपं म्हणून मान्यता नाही.

शेवटी थायलंड ठरलं. २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी लग्न कायदेशीर आहे, आग्नेय आशियातला पहिला देश. ताई हे सांगताना मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, तिथे परदेशी जोडप्यांनाही लग्न करता येतं, पण कागद घेऊन इथे आलात तर इथे त्याला काही किंमत नाही हे लक्षात ठेवा, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिलाय. आम्ही लग्नाबद्दल काही विचारलं नव्हतं. पण घरी येताना तलावपाळीला बसून आम्ही त्याच्यावरच बोलत होतो, खूप वेळ.

विमानाच्या बाबतीत मला एक गोष्ट नवीन कळली आणि ती सगळ्यांनी लिहून ठेवावी अशी आहे. मी स्वतः शोधलेलं तिकीट बरंच स्वस्त होतं, मध्ये क्वालालंपूरला थांबा. ताई नको म्हणाल्या. विमानतळाच्या आत तीन तास बसण्यात काही अडचण नाही, पण पुढचं विमान रद्द झालं तर एअरलाइन तुम्हाला गावातल्या हॉटेलात टाकते, आणि मग तुम्ही मलेशियाच्या कायद्याखाली एका खोलीत, जिथे हा गुन्हा आहे, आणि ते हॉटेल तुम्ही निवडलेलंही नाही. ट्रान्स प्रवाशांसाठी तर त्या हे दहा वेळा बघतात. आम्ही मुंबईहून थेट बँकॉकचं घेतलं, साडेचार तासांच्या आसपास लागतात, जास्त पैसे गेले, पण डोकं शांत राहिलं. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून लागतं, ते फुकट आहे, सरकारी साइटवर पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, पैसे मागणाऱ्या साइट नकली, हेही त्यांनीच सांगितलं आणि समोर बसवून भरून दाखवलं.

हॉटेल चेक-इनचं काय झालं? काहीच झालं नाही. चिआंग माईला रात्री उशिरा पोचलो, काउंटरवरच्या मुलीने दोन्ही पासपोर्ट घेतले, एक मोठा बेड आहे ना बरोबर म्हणून विचारलं, किल्ली दिली, ब्रेकफास्ट कुठे ते सांगितलं. बस. ताईंनी आधी हॉटेलला मेल करून दोन बायका, जोडपं, एक बेड असं लिहून घेतलं होतं आणि त्यांच्या उत्तराची प्रिंट आमच्या फाइलमध्ये घालून दिली होती. ती प्रिंट काढायची वेळच आली नाही, पण बॅगेत आहे हे माहीत असल्याने माझे खांदे आपोआप खाली आले होते. बँकॉकला सिलोमच्या सोई चारमध्ये एक संध्याकाळ बसलो, तिथे गे बार आहेत, गर्दी पुरुषांचीच जास्त, आम्हाला तेवढं आवडलं नाही, पण रस्त्यावरून हात धरून चाललो आणि कोणी वळून बघितलं नाही, ते मात्र फार फार आवडलं.

इन्शुरन्सचा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा. नवरा-बायकोसाठी जी एकत्र पॉलिसी असते ती आपल्याला सहसा मिळत नाही, म्हणून ताईंनी दोघींच्या वेगवेगळ्या काढल्या आणि दोन्हींत इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून एकमेकींची नावं घातली. नॉमिनीमध्ये नातं निवडायच्या यादीत पार्टनर नव्हतंच, तर त्यांनी कंपनीला फोन करून अदरमध्ये टाकून घेतलं, अर्धा तास होल्डवर होत्या. शिवाय एका कागदावर दोघींकडून लिहून घेतलं की मला काही झालं तर डॉक्टरांनी हिच्याशी बोलावं, इंग्रजीत, सही करून, पासपोर्टची कॉपी जोडून. हा कागद सगळीकडे चालेलच असं नाही हेही सांगितलं. जाता जाता बँकेचं पण बोलल्या, की ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने स्पष्ट केलंय की क्वीअर, म्हणजे आपल्यासारख्या जोडप्यांना जॉइंट खातं काढायला आणि पार्टनरला खात्यावर नॉमिनी ठेवायला काही आडकाठी नाही. आम्ही परत आल्यावर ते काढलं.

थायलंडच्या आधी एक छोटी ट्रिप आम्ही त्यांच्याकडून टेस्ट म्हणून केली होती, कोकणात, गुहागरच्या बाजूला, होमस्टे. तिथलं गणित पूर्ण वेगळं आहे आणि ताईंना ते बरोबर कळतं. कोकणात दोन बायकांना कोणी अडवत नाही, उलट माया करतात, सोलकढी पुन्हा पुन्हा वाढतात, पण घरमालकीण कधीही दार ढकलून आत येते आणि लग्नाचं विचारते. ताईंनी तिथे काही सांगितलं नाही, आम्हाला विचारूनच नाही सांगितलं. त्यांनी फक्त खोली अशी शोधली जिला वेगळा दरवाजा आहे, आतून कडी आहे, बाथरूम आत आहे आणि जेवण ओसरीवर होतं. आणि आम्हाला म्हणाल्या, इथे जेंट्स कोणी नाही का सोबत हे विचारतील, तेव्हा नाही, आम्ही दोघीच फिरतो एवढं हसून सांगा आणि विषय माशांवर न्या. अगदी तसंच झालं. काही जणांना हे लपणं वाटेल. मला नाही वाटत. प्रत्येक सुट्टीत प्रत्येक माणसासमोर आउट व्हायचं कोणी ठरवलंय? कुठे सांगायचं, कुठे नाही हे आमचं आम्ही ठरवलं आणि त्यांनी त्याप्रमाणे सोय केली, माझ्यासाठी चांगली सर्व्हिस म्हणजे हीच.

आता कुठे कमी पडतात तेही लिहिते. आमची एक ट्रान्स मैत्रीण त्यांच्याकडे गेली, तिचं आधार नव्या नावावर आणि पासपोर्ट जुन्या. ताईंनी खरं सांगितलं की मला यातलं पूर्ण येत नाही, शिकून सांगते, आणि मग बरेच दिवस गेले. शेवटी सांगितलेलं सगळं बरोबर निघालं, की परदेशी तिकिटावर नाव आणि लिंग पासपोर्टप्रमाणेच हवं, मनाला लागलं तरी, नाहीतर काउंटरवर अडवतात, की आधी पासपोर्टच बदलून घे, फॉर्मवर ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे, आणि २०१९ च्या कायद्याखाली कलेक्टरकडून मिळणारं ओळखपत्र असेल तर ते सोबत ठेव. पण तोपर्यंत तिकिटं महाग झाली होती. हार्मोन्सबद्दल आणि औषधांबद्दल मात्र त्या पक्क्या आहेत, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, हॅंडबॅगेत. टेस्टोस्टेरॉनवर बऱ्याच देशांत कडक नियम आहेत, अमिरातीत तर अशा औषधांना आधी परवानगी काढावी लागते. एचआयव्हीच्या किंवा प्रेपच्या, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या, गोळ्या असतील तर त्या त्या देशाचा नियम त्या आधी बघून देतात, कोणासाठी आहेत हे न विचारता.

दुसरं म्हणजे उत्तरं उशिरा येतात. एकट्या सगळं बघतात, मेसेजला संध्याकाळी व्हॉइस नोट येते, चार-चार मिनिटांची, मागे प्रेशर कुकरची शिट्टी. सुट्टीच्या सीझनला तर दोन दिवस काही नाही. ज्यांना फटाफट ऑनलाइन काम हवंय त्यांना त्रास होईल. प्लॅनिंगची फी २,५०० रुपये घेतात, बुकिंग त्यांच्याकडून केलं तर त्यातून वजा होते. तिकिटं मी स्वतः काढली असती तर थोडी स्वस्त पडली असती हे नक्की, हॉटेलं साधारण तेवढ्यालाच. मला जास्त वाटले नाहीत पैसे.

गे मित्रांसाठी एक. ज्या मित्राने मला पाठवलं त्याला ताईंनी डेटिंग अॅपबद्दल सांगितलं होतं, तो लाजून लाल झाला होता, पण ते सगळ्यांनी ऐकण्यासारखं आहे. परक्या गावात अॅपवर अंतर दाखवणं बंद ठेव, पहिल्यांदा बाहेर चहाला भेट, हॉटेलची रूम सांगू नकोस, आणि कोणी फोटो दाखवून पैसे मागितले तर देऊ नकोस, एकदा दिले की थांबत नाहीत, स्क्रीनशॉट ठेव आणि मला फोन कर. रात्री पण कर, असं म्हणाल्या होत्या. पुण्याच्या एका ट्रिपमध्ये त्याने खरंच केला होता रात्री दीडला, आणि त्यांनी उचलला. काय झालं होतं ते त्याचं त्याने सांगावं, मी लिहिणार नाही, पण तो घरी नीट आला.

मी पाच पैकी साडेचार देईन, अर्धा उशिरा येणाऱ्या उत्तरांचा आणि ट्रान्स प्रवाशांसाठी अजून शिकायचं आहे त्याचा. तुमच्या भागातल्या एजंटकडे जाणार असाल तर त्याला एवढंच विचारून बघा की हॉटेलला आमच्याबद्दल तुम्ही स्वतः फोन कराल का आणि उत्तर लेखी घ्याल का. जो गोंधळेल पण हो म्हणेल त्याला एक संधी द्या. जो हसेल तिथून उठा.

आमचं पुढचं नेपाळचं चाललंय. तिथे सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबरमध्ये पहिलं समलिंगी लग्न नोंदलं गेलं, लामजुंग जिल्ह्यात, आणि आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड, आधार चालत नाही. पार्टनरचा पासपोर्ट रिन्यूअलला दिलाय, म्हणून तिचं व्होटर कार्ड शोधायला ती या रविवारी डोंबिवलीला तिच्या घरी जातेय, ते मिळालं की ताई तारखा टाकणार आहेत.